गावपळणीच्या दिवशी बोट

मालवणच्या धक्क्यावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. समोर खोल पाण्यात पांढरीशुभ्र क्रूझ नांगरलेली. तिचे पाहुणे छोट्या होड्यांतून उतरत होते, त्यातच किल्ल्यावर जाणाऱ्यांची रांग, शहाळीवाले, टोपीवाले, स्कूबाचे एजंट. मी गेटाला चिकटून उभी, आणि माझा भाऊ विश्वेश काही येत नव्हता.

विश्वेश त्या बोटीवर स्वयंपाकघरात कामाला आहे. दोन वर्षांत ती पहिल्यांदाच आपल्या किनाऱ्याला लागली होती आणि त्याला दुपारपर्यंत सुट्टी मिळाली होती. तेवढ्यात आईची भेट व्हायची. मी आईला म्हटलं होतं, चल माझ्याबरोबर. तर म्हणाली, "माजो झील माज्याकडे येतलो. बंदरार पावण्यांची वाट बघूक मी काय लॉजवाली?" माझं डोकंच फिरलं.

त्यात नेमकी गावपळण आली होती. आमच्या गावात काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सगळा गाव, गुरं-कोंबड्यांसकट, वेशीबाहेर राहायला जातो. तीन दिवस गाव देवाला मोकळा करून द्यायचा. परतायचा कौल मिळेपर्यंत आत माणसाची सावलीही पडता कामा नये. आई वेशीवरच्या वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे झोपडी बांधून राहिली होती, घराला कुलूप. हे सगळं मी विश्वेशला कळवलं होतं, पण मेसेजपुढे एकच टिक. म्हणून तर मी धक्क्यावर ताटकळत होते.

शेवटी रिक्षावाल्या निलेशला मी त्याचा फोटो दाखवला.

"ह्येका मी कवाच तुमच्या फाट्यार सोडलंय," निलेश म्हणाला. "पलीकडच्या गेटान इलो. पाणंदीन घराक जातंय म्हणालो."

"आणि गावपळण आसा म्हणान सांगूक नाय?"

"ताई, गाव त्येचो. माका वाटला, त्येका म्हायत आसतला."

शिरा पडो त्याच्या तोंडार! पण त्याच्यावर ओरडून काय मिळणार? मी स्कूटर हाणली ती थेट वहाळापर्यंत.

आई झोपडीपुढे चुलीशी बसली होती. मला बघताच तिने माझ्या मागे नजर टाकली. "विशू खंय?"

"घराकडे गेलो. गावात आसा तो."

तिच्या हातातला डाव तसाच राहिला. मग उठून ती वहाळाच्या काठाला धावली. पलीकडे माडांआड आमचं घर. आम्ही दोघींनी हाका मारल्या, आईला ओरडून ओरडून ठसका लागला. उत्तर नाही. उन्हं वर चढत होती आणि बोट कुणासाठी थांबणार नव्हती. मी सलवार वर ओढून पाण्यात पाय टाकला, तशी आईने माझं मनगट पकडलं.

"भितर जावचा नाय! गावाचा काय होतला, इचार केलंस?"

"आणि तुज्या झिलाचा? आज चुकलो तर मगे बस वर्सावर्सा रडत!"

तिने हात सोडला नाही. मला तिचा संताप आला आणि तितकीच तिची दयाही आली. ती मागे वळली. गुरुदासकाका, म्हणजे गावच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारे मानकरी, गोंधळ ऐकून आलेच होते.

"भाऊनू," आई म्हणाली, "गाऱ्हाणा घाला."

मी देवाला मानते, पण घड्याळालाही मानते. ह्या वेळी गाऱ्हाणं? मी चरफडत उभी राहिले. झोपड्या-झोपड्यांतून माणसं जमली. काकांनी गावाकडे तोंड करून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या यशोदेचो झील चुकान तुज्या गावात गेलो. त्येची चूक पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आणि जसो गेलो तसो सुखरूप आवशीकडे भायर घेवन ये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळा गाव एका दमात ओरडला. माडांवरचे कावळे उडाले. आणि थोड्या वेळाने माडांमधून विश्वेश धावत आला, बूट हातात, शर्टाच्या पाठीला माती. तसाच वहाळ ओलांडून आईसमोर उभा राहिला.

"'व्हय म्हाराजा' आयकलंय आणि जाग इली," तो धापा टाकत म्हणाला. "तवा आठावला, गावपळण."

"जाग?" मी किंचाळले. "निजललंस तू?"

"दार बंद दिसला. म्हटला, बाजारात गेली आसतली. पायरेर जरा टेकलंय." तो आईकडे बघत होता. "आये, बोटीर आमची खोली इंजिनाच्या वर. दोन वर्सा तो आवाज बंद झालो नाय. हय कसलोच आवाज नव्हतो. कोंबडो सुदा नाय."

त्याच्या दोन थोबाडीत माराव्यात असं मला वाटलं. चुलीवर त्याच्यासाठी केलेली तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, आमटी उकळत होती आणि ती खायला आता वेळच उरला नव्हता. आईने मात्र त्याला वळवलं आणि पाठीवरची माती हाताने झाडली.

"झोप बरी लागली मा रे?"

"लागली."

"मगे झाला," ती म्हणाली आणि मला गाडी काढायला सांगितलं.