कुलूपवाल्या काकांचे दोन कागद

मित्रांनो, मी एक जुनं झेरॉक्सचं मशीन आहे, आणि तुम्ही कितीही गोड बोललात तरी तुमच्या कागदावर मी लगेच विश्वास ठेवणार नाही. राग मानू नका. लाखो कागद माझ्या काचेवर पालथे पडले आहेत. एवढं पाहिल्यावर चांगला माणूसही संशयी होतो, मी तर मशीन.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यावर पहिला कागद ठेवला तो कोरा होता. मला त्याचाही संशय आला. काही लिहिलेलंच नाही, तर आणला कशाला? पुढे दहा वर्षं मी एका वकिलाच्या ऑफिसात राबलो. माझ्या स्वभावाला खरं खतपाणी तिथेच मिळालं. वकिलांनी नवं मशीन घेतलं, तेव्हा कॉलेजसमोर दुकान असलेल्या एका बाईंनी मला अर्ध्या किमतीत उचललं. सगळे त्यांना मावशी म्हणतात. मावशी स्वभावाने भोळ्या. म्हणून दुकानात कुणीतरी संशय घ्यायला हवा होता, ते काम मी अंगावर घेतलं.

ते माझे चांगले दिवस होते. प्रवेश सुरू झाले की सकाळपासून रांग लागायची. "मावशी, तुमचं मशीन म्हणजे एक नंबर!" असं मुलं म्हणायची आणि मी लाजून आणखीच तापायचो. मग मावशींनी एक पांढरंशुभ्र, रंगीत प्रती काढणारं मशीन आणलं आणि मला भिंतीकडे सरकवलं. माझ्या डोक्यावर पाण्याची बाटली, जेवणाचा डबा, कुणाची तरी विसरलेली छत्री. माझ्या प्रती काळपट येऊ लागल्या. गर्दी अगदीच हाताबाहेर गेली तरच माझ्यावरची धूळ पुसली जायची.

त्या दुपारी तशीच गर्दी होती. गल्लीच्या टोकाच्या दुकानात कुलपं दुरुस्त करणारे काका आपल्या मुलीला घेऊन आले. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, पण फी भरायची ऐपत नव्हती. काकांच्या हातात दोन कागद होते. एक कॉलेजचा, फी माफीचा अर्ज. तो पाच वाजायच्या आत द्यायचा होता. दुसरं एका कंपनीचं पत्र. त्याला सोनेरी किनार, वर ठळक अक्षरांत 'आज एक पैसाही भरू नका', आणि कागद मात्र कांद्याच्या सालीसारखा पातळ.

"बाबा, आधी अर्ज देऊ या ना," मुलगी म्हणाली.

"मुळीच नाही! फुकट देतायत आणि वर माझी मिळकत विचारतायत. कशाला हव्यात त्यांना नसत्या चौकशा? नक्की काहीतरी गोम आहे. कंपनीचा तो माणूस बघ, घरी आला, काका काका करत बसला. एका शब्दाने काही विचारलं नाही. फक्त सही मागितली. संध्याकाळी सही केलेलं पत्र न्यायलाही तोच येणार आहे."

माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला. काका माझ्यासारखेच संशयी, पण त्यांचा संशय नेमका चुकीच्या कागदावर बसला होता! मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण सांगणार कसं? मला तोंड नाही, नुसता ट्रे आहे.

"या पत्राची एक प्रत द्या. पुढचीच बाजू," काका मावशींना म्हणाले. इथे सगळे असंच करतात. मागच्या बारीक अक्षरांवर कोण पैसे घालवणार? मावशीही कधी विचारत नाहीत. आणि मला तर काचेवर पडलेली बाजू तेवढीच दिसते.

नवं मशीन मोकळं नव्हतं, म्हणून मावशींनी पत्र माझ्यावर ठेवलं. मी दिवा फिरवला. कागद पातळ, माझी शाई दाट. प्रत आली ती काळीकुट्ट, आणि पुढच्या ठळक ओळींमधून मागची अक्षरं उलटी डोकावत होती.

"मेल्या, तुझी आजच नाटकं!" मावशींनी माझ्या पाठीत एक थाप घातली. "काका, दुसरी काढते."

"थांबा मावशी. मागे एवढं काय लिहिलंय?" मुलीने मूळ पत्र उलटलं आणि ती मोठ्याने वाचू लागली. वाचता वाचता तिचा आवाज खोल गेला. ही मदत नव्हतीच, कर्ज होतं. व्याज पहिल्या दिवसापासून. हप्ते थकले तर जामीनदाराच्या दुकानावर कंपनीचा हक्क. आणि जामीनदार म्हणजे सही करणारे काका.

"अगं बाई!" मावशी म्हणाल्या. "काका, कर्ज वाईटच असतं असं नाही हो. बँकेचं असेल, नीट वाचून घेतलं असेल, तर मुलं फेडतात. पण जे परत करावं लागत नाही ते आधी मागावं. फी माफी, शिष्यवृत्ती. मग कॉलेजातच दोन तासांचं काम मिळतं का बघावं. तरी कमी पडलं तर कर्ज. आणि मिळकत का विचारतात? ज्याची कमी आहे त्याला द्यायचं म्हणून."

काकांनी खिशातून पेन काढलं, पण ते अर्जावर टेकवलं नाही.

"कळतं हो मला," ते हळूच म्हणाले. "संशयबिंशय काही नाही. तो आकडा लिहायची लाज वाटते. हिच्या कॉलेजात कुणी वाचला आणि हिला हसले तर?"

"हसू देत. त्याच आकड्यात तुम्ही मला इथवर शिकवलंत ना, बाबा? द्या, मी लिहिते."

पण काकांनी पेन सोडलं नाही. आकडा त्यांनी स्वतःच लिहिला.

खरं सांगतो मित्रांनो, मला भरून आलं. एकही कागद न अडकवता मी अर्जाच्या दोन्ही बाजू काढून दिल्या. साडेचार होत आले होते. बापलेक पळतच सुटले.

दुसऱ्या दिवशी मुलगी मावशींना सगळं सांगायला आली. कॉलेजच्या खिडकीतल्या बाईंनी अर्ज घेतला, तेव्हा काका घामाघूम होऊन उभे होते. बाईंनी आकड्यावर बोट ठेवलं, वाचला, शिक्का मारला आणि मान वर न करता म्हणाल्या, "पुढचं कोण?" बस्स, एवढंच! याच्या भीतीने काका दुकान घालवायला निघाले होते. तीन आठवड्यांनी फी माफ झाल्याचं पत्र आलं. पुस्तकांच्या खर्चासाठी तिला ग्रंथालयात कामही मिळालं.

आता मला भंगारात काढायचं चाललंय. जाण्याआधी एक मागणं आहे. कागद उलटून बघा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मदतीच्या अर्जाचा संशय आला, तर आधी स्वतःला विचारा, हा संशय आहे की लाज? लाज असेल तर तो आकडा ठळक अक्षरात लिहा आणि खिडकी बंद व्हायच्या आत पोचा.