शर्मिष्ठादीच्या नऊ सकाळी

अनिमेषदांच्या अभिनयवर्गात एक नियम होता आणि त्यावर हुज्जत घातलेली त्यांना अजिबात खपत नसे. जोडीदाराबरोबर आठवड्यातून चार तालमी. आरशासमोर केलेली धरायची नाही, फोनवरची तर नाहीच नाही.

वर्गातल्या कादंबरीने तो सरळ धाब्यावर बसवला होता. सेक्टर फाइव्हमधल्या आयटी कंपनीतली नोकरी, संपता न संपणाऱ्या मीटिंगा, आणि जोडीदार कोण, तर एका शाळेचं ग्रंथालय सांभाळणारी एकेचाळीस वर्षांची शर्मिष्ठादी. ती शहराच्या एका टोकाला टॉलीगंजला, ही दुसऱ्या टोकाला डमडमला. कोण जाणार रोज इतक्या लांब! कादंबरीने घरच्या घरी सोय लावली. बँकेच्या बदलीमुळे नाशिकहून कोलकात्याला आलेल्या बाबांच्या हाती कागद दिले आणि जोडीदाराचे संवाद त्यांच्याकडून वाचून घेतले. बाबांनी, म्हणजे श्यामसुंदररावांनी, ते संवाद बँकेचं परिपत्रक वाचावं तसे वाचले. एक वाक्य, चहाचा एक घोट, मग पुढचं वाक्य. रोज दोनदा, न चुकता. बिचाऱ्यांनी एक दिवस कंटाळा केला नाही.

सादरीकरणाला दहा दिवस उरले तेव्हा सॉल्ट लेकच्या हॉलवर दोघींनी प्रवेश करून दाखवला. दोन बहिणींचा प्रवेश. थोरली म्हणते, "मी घर विकलंय," आणि धाकटी तिच्यावर तुटून पडते. शर्मिष्ठादी वाक्य बोलली आणि कादंबरी ढिम्म उभी राहिली. एक चहाचा घोट घेण्याइतका वेळ गेला, मग ती तुटून पडली. पुढच्या वाक्याला तेच, त्याच्या पुढच्याला तेच. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"शर्मिष्ठा," अनिमेषदा म्हणाले, "जोडीदार बदलून हवी असेल तर आजच सांग."

अनिमेषदांचा नाट्यगट या वर्गातून वर्षाला एकालाच घ्यायचा. आईच्या आजारपणात शर्मिष्ठादीने बारा वर्षं रंगमंचाचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि गटाच्या वयाच्या अटीत बसण्याचं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. आपल्या आळसापायी तिची संधी जाणार, हे आता कादंबरीलाही लख्ख दिसलं.

"नको," शर्मिष्ठादी म्हणाली. "हीच राहू दे."

बाहेर ऑटोची वाट बघताना तिने विचारलं, "घरी कुणाबरोबर करतेस?" दोघी आपसात हिंदीच बोलत.

"बाबांबरोबर."

"किती वेळा?"

"रोज दोनदा. ते चहा पीत पीत वाचतात."

शर्मिष्ठादी मोठ्याने हसली. "म्हणजे आळशी नाहीस तू! मी उगाच रागावले होते. मेहनत केलीस, पण ती बाबांच्या चहावर बेतून. उद्यापासून सकाळी सातला मी तुझ्याकडे येते. शाळा मला साडेदहाला आहे."

आणि ती खरंच आली. पहाटेची बस गाठून, केस अजून ओले असताना. बाबा दाराआडून बघत होते. त्यांनी हळूच कादंबरीला विचारलं, "माझं काही चुकलं का गं?"

"नाही हो बाबा. तुम्ही रोज अगदी सारखं वाचता, तेवढीच पंचाईत."

शर्मिष्ठादी मात्र कधीच सारखं बोलायची नाही. एके दिवशी 'घर विकलंय' ती फणकाऱ्याने म्हणाली, दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालता घालता, तिसऱ्या दिवशी पाठ फिरवून. कादंबरी वैतागली. "काल तर तुम्ही असं नव्हतं केलं!"

"कालचं काल होऊन गेलं. आज मी काय केलं ते बघ आणि मग बोल."

पाचव्या सकाळपर्यंत कादंबरीचा नुसता गोंधळ. सहाव्या सकाळी तिने पहिल्यांदा शर्मिष्ठादीच्या डोळ्यांत पाहून वाक्य म्हटलं, आणि आपलाच आवाज तिला अनोळखी वाटला. कादंबरीच्या आईने त्या दिवशी पोह्यांवर खोबरं जरा जास्तच घातलं. नवव्या सकाळपर्यंत या बाईचे उपकार कसे फेडायचे, हा प्रश्न कादंबरीला संवादांपेक्षा जड वाटू लागला होता.

सादरीकरणाच्या दिवशी आई-बाबा तिसऱ्या रांगेत होते. प्रवेश सुरू झाला. 'मी घर विकलंय' म्हणायची वेळ आली आणि शर्मिष्ठादी बोललीच नाही. ती हळूहळू जमिनीवर बसली. मग अगदी पुटपुटल्यासारखं म्हणाली, "मी घर विकलंय."

नऊ सकाळींत असं एकदाही झालं नव्हतं. कादंबरीचा राग तयार होता, आवाजही तयार होता. पण समोरच्या बाईचे खांदे पडलेले तिला दिसले. ती तिच्याशेजारी जाऊन बसली. "मला विचारलंसुद्धा नाहीस?" हेच वाक्य ती रोज ओरडून म्हणत होती. आज तिने ते कानाशी बोलावं तसं म्हटलं. शर्मिष्ठादीने वळून कादंबरीकडे पाहिलं आणि तिच्या स्वतःच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पुढचा सगळा प्रवेश दोघींनी बसूनच केला.

तासाभराने अनिमेषदांनी एकच नाव वाचलं. शर्मिष्ठाचं. कादंबरीने इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की तळवे झोंबले.

गर्दी ओसरल्यावर ती शर्मिष्ठादीच्या पाया पडायला वाकली. "त्या दिवशी तुम्ही मला बदललं नाहीत. जन्मभर विसरणार नाही मी."

शर्मिष्ठादीने तिला मध्येच धरलं. "वेडी आहेस का? आज स्टेजवर मला आई आठवली आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. एक शब्द आठवेना. तू येऊन बसलीस, तू विचारलंस, म्हणून मला उत्तर सुचलं. नाव माझं वाचलं, पण मला तिथवर उचलून आणलंस तू."

कादंबरीला रडू आवरेना. मग नाक पुसत तिने विचारलं, "गटाच्या नव्या नाटकाचे संवाद कधी मिळणार?"

"सोमवारी. का गं?"

"घरी तुमच्यासमोर कुणीतरी बोलायला हवं ना. मंगळवारी सकाळी सातला टॉलीगंजला मी येते."