अनुसयाबाईंच्या पाठीत सळाख हवी का?

सिंदी रेल्वेच्या बाजारातल्या प्रफुलच्या हार्डवेअर दुकानात त्या आठवड्यात सिमेंट, सळाख आणि पाइपांच्या जोडीला आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकांना दाखवली जात होती. ती होती त्याच्या आईच्या कमरेची एमआरआयची फिल्म.

गिऱ्हाईक आलं की प्रफुल फिल्म ट्यूबलाइटसमोर धरायचा. "हे पाहा, अठी मणक्यातली जागा आवळली. नसा दबून राह्यल्या." मग गिऱ्हाईक चिल्लर खिशात टाकत आपल्या मामाचं नाहीतर व्याह्याचं ऑपरेशन सांगायचं. कोणी नागपूर सुचवे, कोणी हैदराबाद. मंडळी, आपल्याकडे आजाऱ्याची फिल्म अख्ख्या बाजाराला पाठ होते, पण खुद्द आजाऱ्याला कोणी काही विचारत नाही. तुमच्या घरी तसं नसेल, तर तुम्ही भाग्यवान!

अनुसयाबाई घरात दिवाणावर पडून असायच्या. नवरा, महादेवराव, गेल्यावर कितीतरी वर्षं दुकानाची चावी त्यांच्याच कमरेला होती. घर ते दुकान म्हणजे एक गल्ली, तेवढीच काय ती वाट. पण हल्ली चार घरं चाललं की पाय जड व्हायचे, पोटऱ्यांत मुंग्या यायच्या आणि गल्लीतल्या शोभाबाईंचा ओटा गाठावा लागायचा. पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटायचं. उठायचं, चार पावलं टाकायची, की पुन्हा कोणाची तरी पायरी. आधी शोभाबाई "या, बसा" म्हणत. मग नुसत्या सरकून जागा देऊ लागल्या. त्या काही वाईट नव्हत्या, पण रोज रोज कोण कोणाचं स्वागत करणार? अनुसयाबाईंना मात्र ते लागलं. त्यांनी दुकानात जाणंच सोडलं.

व्यायाम झाले, गोळ्या झाल्या, पाठीत इंजेक्शनही झालं. वर्ध्याच्या डॉक्टरांनी मग ऑपरेशनचे दोन मार्ग सांगितले होते. एक, नसांवर दाब आणणारं हाड आणि जाड झालेला पडदा काढून जागा मोकळी करायची, बस. दुसरा, जागा मोकळी करून वर मणके स्क्रू आणि रॉडने एकमेकांना जखडायचे. बाईंना वाकवून आणि मागे झुकवून एक्स-रे काढले होते, ते बघून सोमवारी ठरवायचं होतं. डॉक्टर बोलत असताना प्रफुलच्या कानात फक्त एकच शब्द शिरला होता, रॉड!

रविवारी बैठकीच्या खोलीत तोच विषय निघाला. जामहून जावई हेमराज आला होता.

"भाऊजी, रॉडच टाकू," प्रफुल म्हणाला. "बिना सळाखेचा स्लॅब कोणी टाकते का? नुसतं कोरून सोडून दिलं तं कच्चं काम होईन."

"अरे, जमाना दुर्बिणीचा आहे," हेमराज म्हणाला. "एवढंसं छिद्र, आन दोन दिवसांत घरी. आमच्या इथं हायवेवरच्या एकानं केलं."

"दुर्बिणीचं तं कोणाले दिसतही नाई! उद्या लोक म्हणतीन, एवढं लोखंडाचं दुकान, आन आईच्या पाठीत साधा स्क्रू बी नाई टाकला."

आतल्या खोलीत अनुसयाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. पोरगा वाईट नव्हता, रात्री पाय चेपून द्यायचा. पण आपल्या पाठीचा असा भाव ठरताना ऐकायचा त्यांना कंटाळा आला होता. इतका, की भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. "करा बाप्पा तुमच्या मनानं," त्या पुटपुटल्या. बाहेर कोणी ऐकलं नाही.

तेवढ्यात पुलगावहून त्यांची धाकटी बहीण नलू आली. नलूच्या पाठीत दोन वर्षांपूर्वी रॉड बसले होते. तिला पाहताच प्रफुलला जोर चढला.

"घ्या! मावशीलेच विचारा. रॉड टाकला, आन कशी टणाटण फिरते!"

नलूने पिशवी खाली ठेवली. खाली वाकून नव्हे, गुडघ्यात बसून ठेवली. "पाह्यलं? कंबर वाकत नाई आता पह्यल्यासारखी. तरी मले पस्तावा नाई. माझा मणका दुसऱ्या मणक्यावरून सरकला होता, त्याले बांधणं जरूरी होतं. तुझ्या आईचा सरकला का?"

प्रफुलने हेमराजकडे पाहिलं.

"विचारलं का डॉक्टरले?"

"आता थे… एक्स-रे यायचे आहेत ना."

"मंग एक्स-रे यायच्या आधी तू काऊन ठरवून राह्यला? अरे, पाठ म्हणजे स्लॅब नाई, का जितकं लोखंड तितकी पक्की! ऑपरेशन मोठं, तं भूल जास्त वेळ, रक्त जास्त जाते, सावराले महिने लागतेत. आन तिले शुगर आहे. जरूर असन तं करा, पण लोकाईले दाखवाले नको. जवाईबापू, तुमचंही तेच. दुर्बीण चांगली, पण तिच्या पाठीले जमते का, हे हायवेवाला सांगन का?"

हेमराजने चहाचा कप उचलला. तो केव्हाच रिकामा झाला होता.

नलू आत गेली, बहिणीच्या उशाशी बसली. "ताई, तुले काय पाह्यजे?"

"तिले काय, दुखणं गेलं पाह्यजे," दारातून प्रफुल म्हणाला.

"तिले तोंड आहे ना!" नलू कडाडली.

इतक्या महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच योग्य माणसाला विचारला गेला होता! अनुसयाबाई हळूहळू उठून बसल्या. डोळे भरून आले.

"मले शोभाच्या ओट्यावर न बसता दुकानात जायचं आहे," त्या म्हणाल्या. "आन गल्ल्याजवळच्या गादीवर मांडी घालून बसायचं आहे. कंबर जराशी दुखली तं दुखू दे. पण पाय माहे पाह्यजेत मले. तुह्या दुकानात माही फिल्म फिरते प्रफुल, मीच काऊन नाई जाऊ शकत?"

प्रफुलची मान खाली गेली. सगळ्या गावाला विचारलं आणि जिची पाठ तिलाच विचारायचं राहिलं! तो आईच्या पायांशी बसला आणि भर दुपारीच पाय चेपू लागला.

सोमवारी डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत अनुसयाबाई बसल्या. प्रफुल मागे उभा राहिला आणि तोंड मिटून राहिला. त्याच्यासाठी हे सोपं नव्हतं. बाईंनी गल्ली सांगितली, ओटा सांगितला, गादी सांगितली. डॉक्टरांनी एक्स-रे नीट दाखवले. मणका सरकलेला नव्हता. पायांसाठी नुसती जागा मोकळी करणं पुरेल, कंबरदुखी पूर्ण जाईल असं वचन देता येत नाही, आणि पुढेमागे पुन्हा त्रास झाला तर पुन्हा बघावं लागेल. जागा एकाहून जास्त ठिकाणी आवळली होती, म्हणून दुर्बिणीपेक्षा उघडून करणं त्यांना बरं वाटत होतं. बाईंनी दोन प्रश्न विचारले, मग म्हणाल्या, "करा."

ऑपरेशन झालं, दिवाळीही झाली, आणि एका सकाळी अनुसयाबाई गल्लीतून निघाल्या. चाल सावकाश होती आणि कंबर थोडी कुरकुरत होतीच. शोभाबाई सवयीने ओट्यावर सरकल्या.

"येतानी बसतो, शोभा," अनुसयाबाई म्हणाल्या. "गप्पा माराले."

दुकानात एक गिऱ्हाईक खिळे मोजून घेता घेता आपल्या वडिलांची फिल्म काढत होतं. "प्रफुलभाऊ, तुमाले यातलं समजते. पाहा ना, कोणतं ऑपरेशन चांगलं?"

प्रफुलचा हात सवयीने पुढे गेला आणि थांबला. त्याने फिल्म परत केली.

"डॉक्टरले दाखव. आन त्याच्याही आधी बाबाले विचार, त्याईले काय पाह्यजे म्हणून."

मंडळी, कोणतं ऑपरेशन मोठं, कोणतं नवं, कोणत्या ऑपरेशनाने चार लोकांत मान राहतो, हा हिशेब आजाराला कळत नाही. दुखणाऱ्या माणसाला काय हवं आणि त्याच्या शरीराला काय लागतं, एवढेच प्रश्न खरे. ते विचारायला फार शिक्षण लागत नाही, आजाऱ्याच्या उशाशी बसावं लागतं.

अनुसयाबाई गल्ल्याजवळच्या गादीवर बसल्या. मांडी घालायला जरा वेळ लागला, पण कोणी मदतीला धावलं नाही. त्यांनीच तसं बजावलं होतं.