डोळ्यांची वाटी

मित्रांनो, मी एक जुनी काशाची वाटी आहे. नाशिकच्या भांडीबाजारात मला ठोकून घडवलं आणि एकाहत्तर साली सायखेड्याच्या धोंडाबाईंनी मला घरी नेलं.

धोंडाबाई बाळंतिणींचं अंग चोळायच्या. बाळंतपणानंतर काही बायकांचं ओटीपोट सैल पडतं. खोकलं किंवा ओझं उचललं, की लघवी सुटते. दुखणं तिथलं, पण धोंडाबाई सुरुवात तळपायांपासून करायच्या. तूप लावून मला तळव्यांवर फिरवत, तळवे काळे होत. मग पोटऱ्या, मांड्या, कंबर, पाठ असा त्यांचा हात थेट मानेपर्यंत जाई.

"अंग म्हंजी लुगडं हाय बाई," त्या म्हणत. "पदर वढला का निऱ्या हलत्या."

बायकांना मात्र हे दुखणं सांगायची लाज वाटे. काळे तळवे पाहून कुणी विचारलं, की त्या म्हणत, "डोळ्यांची आग व्हती." काशाची वाटी त्यासाठीही घासतात, त्यामुळे सगळ्यांना पटे. धोंडाबाई हसत, "साऱ्या गावाचे डोळेच कसे गं जळत्यात?"

एकदा नवसाबाई हेच दुखणं घेऊन रडत आली. घराबाहेर पडायचीच तिला भीती वाटे. धोंडाबाईंनी कितीतरी दिवस तिचं अंग चोळलं, चोळता चोळता तिला शिकवलंही. ती पुन्हा कांद्याच्या पाट्या उचलू लागली. पुढे धोंडाबाईंचे हात थकले, तेव्हा त्यांनी मला नवसाबाईच्या ओटीत घातलं.

"तू शिकलीस. आता पुढचीला दे. झाकून ठिवू नको."

नवसाबाईने देवीची आण घेतली. मी किती सुखावले होते!

पण तिने मला फळीवर ठेवलं, ते ठेवलंच.

शहाऐंशी साली तिची सून सिंधू बाळंत झाली. पुढे एकदा अंगणात बायका कांदे निवडत होत्या. सिंधू खळखळून हसली आणि तिचं लुगडं भिजलं.

"सिंधे, वाफ्याला पाणी सोडलं काय गं?" शेजारची यशोदाबाई म्हणाली. बायका हसल्या. सगळ्यांत मोठ्याने नवसाबाई हसली.

संध्याकाळी सिंधूने माझ्याकडे बोट केलं. "आत्या, माझी माय म्हनायची, असल्या वाटीनं बायांचं हे दुखनं बरं व्हायचं. खरं का?"



"ती डोळ्यांची वाटी हाय," नवसाबाई म्हणाली. "मला नाय बाई असलं कधी झालं. जा माहेरी, बरी झाली का ये."

सिंधू बाळाला घेऊन दिंडोरीला गेली. जाताना तिने सगळी भांडी चिंचेने घासली, मलाही. माझ्यात तिचं तोंड दिसलं. मला जीभ असती तर!

मित्रांनो, भांडी नुसती घासून जपली जात नाहीत. दुखणं झाकू नका, दुसऱ्याच्या दुखण्याला हसू नका. आणि बरं झालात, तर कशाने झालात ते पुढच्याला सांगा.

परवा नवसाबाई खोकली आणि तिचंही लुगडं भिजलं. तिने दार लोटलं, तूप घेतलं, मला फळीवरून काढलं. धातूला नाही म्हणता येत नाही. मी तिच्या तळव्यांवर फिरले.

तेवढ्यात यशोदाबाई आत आली. काळे तळवे पाहून म्हणाली, "काय गं, डोळे का?"

"हं," नवसाबाई म्हणाली. "लय आग व्हतीये."