राणीसाहेबांचा डावा हातमोजा

मी डावा हातमोजा. पांढरा, सुती, मनगटाशी बारीक इलॅस्टिक असलेला. माझ्या जोडीला उजवाही आहे, पण तो बोलण्यातला नाही. कामाचा सगळा भार त्याच्यावर, त्यामुळे तो कायम वैतागलेला. मला मात्र इकडेतिकडे बघायला भरपूर वेळ मिळायचा. एखादीच्या हातावर राहून तिच्याबद्दल जे कळतं, ते तिच्या घरच्यांनाही कळत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. आम्ही ढिगाने जन्मतो आणि ढिगाने विकले जातो. मी एका चष्म्याच्या दुकानात आलो. नव्या काचेवर बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून काच हाताळताना आम्हाला घालायचं, असा तिथला नियम होता. नियम भिंतीवर आणि आम्ही काउंटरखालच्या खोक्यात! काच ठशांसकट फ्रेममध्ये बसायची आणि मालक ती शर्टाच्या टोकाने पुसून गिऱ्हाइकाला द्यायचे.

त्या दुकानात एक तरुण बाई चष्मे बसवून द्यायची. नवं लग्न झालेली, बोलकी, हसरी. गिऱ्हाइकासमोर वाकायचं, फ्रेम नाकावर टेकवायची, काड्या कानामागे नेऊन कुठे टोचतंय का ते विचारायचं, हे तिचं काम. अनोळखी माणसाच्या चेहऱ्याला इतक्या जवळून हात लावायचा, म्हणजे त्या हाताकडे लोकांचं लक्ष जाणारच.

एके दिवशी एका गिऱ्हाईक बाईंनी चेहरा झटकन मागे घेतला.

"तुमच्या हाताला काय झालंय हो?"

"सोरायसिस आहे. त्वचेचा आजार. पण तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही."

"नसेल लागत. तरी दुसऱ्या कोणाला बोलवा ना."

मालक सभ्य माणूस. तिला एका शब्दानेही न दुखावता ते स्वतः पुढे आले आणि त्यांनी चष्मा बसवून दिला. ती काउंटरमागे आली, खाली वाकली, बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग तिने आमचं खोकं उघडलं.

हात म्हणजे काहीतरी मऊ असतं अशी माझी समजूत होती. माझ्या आत आलेल्या हाताला बोटांच्या पेरांवर लाल, जाड चट्टे होते आणि त्यांच्यावर चंदेरी पापुद्रे. हात मुडपला की चट्ट्यांना भेगा पडायच्या. त्या भेगांची आग मला आतून जाणवायची आणि बाहेर ती गिऱ्हाइकाला गोड आवाजात विचारत असायची, "आता बघा बरं, घट्ट वाटतंय का?"

दुकानात नियम पाळणारी ती एकटीच. बाकीचे चेष्टेने म्हणायचे, "राणीसाहेब आल्या! सरका, सरका!" मालकांनी तर इतरांना तिचा कित्ता गिरवायला सांगितलं. ती सगळ्यांबरोबर हसायची. खोटं ती एकदाही बोलली नाही, कारण कोणी काही विचारलंच नाही. माझ्यामुळे विचारण्यासारखं काही दिसतच नव्हतं. पण एक सांगू? आम्ही आल्यापासून दुकानात कोणी सहज म्हणूनही तिचा हात धरला नाही. राणीसाहेबांच्या हातावर टाळी कोण मागणार?

संध्याकाळी आम्ही तिच्या पर्समधून घरी जायचो. मलम लावल्यावर ते कपड्यांना लागू नये म्हणून घरीही आम्हीच. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या नखांत कायमचं ग्रीस. तो दोन्ही हात तिच्यासमोर धरून म्हणायचा, "बोल, कोणाचे जास्त खराब?" बिचारा तिला हसवायला बघायचा. ती म्हणायची, "तुझे साबणाने निघतात." मग तो हात पुढे करायचा आणि ती काहीतरी आवरायला उठायची.

एकदा आम्ही तिच्याबरोबर त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे तिने आम्हाला काढून मांडीवर ठेवलं होतं. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या.

"या गोळ्यांनी हात सुधारतील. पण गोळ्या चालू असताना दिवस राहता कामा नयेत, बाळाला धोका असतो. मूल हवं असेल तर आधी मला सांगायचं. मग गोळ्या थांबवू, काही महिने जाऊ देऊ आणि बाळासाठी सुरक्षित असेल असं काहीतरी बघू."

"आणि तोपर्यंत पुन्हा वाढलं तर?"

"वाढू शकतं."

"बाळाला होईल का हे?"

"शक्यता थोडी वाढते. पण आईला आहे म्हणून बाळाला होणारच, असं नाही."

तिने मान हलवली आणि मला बोटांत पिळत राहिली. घरी आल्यावर नवऱ्याला त्यातलं अर्धंच सांगितलं: गोळ्या चालू असताना मूल नको, एवढं. थांबवल्या तर आजार पुन्हा वाढू शकतो, हे नाही.

गोळ्यांनी हात खरंच साफ झाले. पण लग्नाला काही वर्षं झाली होती. परगावाहून सासूबाईंचा फोन यायचा, "आता मनावर घ्या रे." त्यांना वाटायचं, दोघांना नोकरीपुढे मूल सुचत नाही. त्यांना आजाराचं काहीच ठाऊक नव्हतं. आपला हात हवा की मूल, असला प्रश्न ही बाई रोज एकटीच चघळत बसली होती आणि फोनवर मात्र म्हणायची, "हो आई, बघू."

शेवटी तिने डॉक्टरीणबाईंना सांगून गोळ्या थांबवल्या. पुढचे महिने मला आठवायलाही नको वाटतात. चट्टे परत आले, कोपरांवर गेले, केसांत गेले. आजाराने सांधेही धरले. सकाळी उठलं की बोटं सुजलेली आणि ताठ. आरसा असलेल्या खोलीत ती दिवा लावायची नाही. नवरा जवळ आला की आधी मला शोधायची.

आणि मग दिवस राहिले, तशी एक गंमत झाली. हात आपोआप बरे होऊ लागले! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही जणींना गरोदरपणात असा आराम पडतो. आमची रवानगी कपाटात झाली. दाराच्या फटीतून मी तिला भाजी चिरताना गुणगुणताना ऐकलं, नवऱ्याच्या हातावर टाळी देताना ऐकलं. मला विसरली म्हणून थोडा राग आला, पण तो राग काही टिकला नाही.

सासूबाई बाळंतपणासाठी आल्या त्या याच सुखाच्या दिवसांत. त्यांनी सुनेचे हात पाहिले ते असे, स्वच्छ, अगदी चारचौघींसारखे. मुलगी झाली. सगळे तिला पिटुकली म्हणू लागले.

काही आठवड्यांनी कपाट उघडलं आणि तिचा हात आत आला. मला हात लागताच कळलं. आजार परत आला होता, आणि पूर्वीपेक्षा जोरात. तिने घाईघाईने आम्हाला चढवलं आणि नवऱ्याला बजावलं, "आईंना सांगायचं नाही. शपथ आहे माझी."

त्या दिवसापासून ती पिटुकलीला आमच्याशिवाय हात लावेना. पाजताना मोजे, थोपटताना मोजे, झबल्याच्या नाड्या बांधताना मोजे. सुजलेल्या बोटांना आधीच नाडी सापडत नव्हती, त्यात आमची अडचण. आपल्या अंगाचा एखादा पापुद्रा त्या लोण्यासारख्या कातडीवर पडेल या विचाराने ती आमचं इलॅस्टिक पुन्हा पुन्हा वर ओढायची. आजार लागत नाही हे तिने किती गिऱ्हाइकांना सांगितलं असेल. स्वतःला सांगायची वेळ आली तेव्हा तिचाच त्यावर विश्वास बसेना.

पिटुकलीचं डोकं मी पहिल्यांदा सांभाळलं. किती ऊबदार होतं ते! पण ती ऊब माझ्यापर्यंतच येऊन थांबायची. ज्या आईने त्यासाठी सगळं सोसलं, तिला आपल्या लेकीची कातडी कशी लागते हेच विसरायला झालं होतं.

एके दुपारी सासूबाई स्वयंपाकघरात फोनवर आपल्या मुलीशी बोलत होत्या. आवाज दबका, पण भिंत पातळ.

"अगं, पोरीला हात लावायलाही हिला मोजे लागतात. दुकानात म्हणे राणीसाहेब म्हणतात तिला. पोटच्या पोरीची किळस येते की काय, काही कळत नाही बाई!"

मी तिच्या हातावरच होतो. बोटं गार पडली. मला वाटलं, आता उठेल आणि खरं काय ते सांगून टाकेल. ती उठली नाही. लेकीची किळस करणारी आई म्हणवून घेणं तिने पत्करलं. आपलीच किळस कोणाला यावी, हे मात्र तिला सोसवणार नव्हतं. पिटुकलीकडे बघत ती आवाज न करता रडली आणि डोळे माझ्यानेच पुसले.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली असताना सासूबाईंनी आम्हाला उचललं. "केवढे मळलेत!" म्हणत मलमाचे पिवळे डाग चांगले चोळून काढले, खिडकीतल्या दोरीवर आम्हाला टांगलं आणि त्या दूध आणायला खाली गेल्या.

इतक्यात पिटुकली उठली आणि रडायला लागली.

ती न्हाणीघरातून धावत आली. उशीखाली बघितलं, पलंगाखाली बघितलं, कपाट उपसलं. पिटुकलीचा टाहो वाढत चालला. मग मी दिसलो. तिने मला ओढून काढलं आणि घालू लागली. पण मी ओलाचिंब, तिची बोटं सुजलेली. अंगठा गेला, बोटं जाईनात. उजवा तर बोटांच्या टोकांवरच अडला. पिटुकली रडून रडून लाल झाली, तिचा श्वास अडकायला लागला.

तिने मला जमिनीवर टाकलं आणि लेकीला उघड्या हातांनी उचललं.

मी फरशीवरून बघत होतो. तो भेगाळलेला, लाल हात पिटुकलीच्या मानेखाली गेला. पिटुकली लगेच गप्प झाली असं काही नाही; चांगली दणकून रडली. मग हळूहळू हुंदक्यांवर आली आणि आईचं एक बोट, नेमकं चट्ट्यावर, मुठीत धरून बसली. आई पुतळ्यासारखी उभी. बोट काढून घ्यावं की राहू द्यावं, हे तिला ठरवता येईना.

दार उघडलं. सासूबाई दुधाची पिशवी घेऊन तशाच थबकल्या.

"हे गं काय? हाताला काय झालं?"

"सोरायसिस. फार वर्षांपासून आहे, आई. मधे गेला होता."

"बाळाला लागतो?"

"नाही. कोणालाच लागत नाही."

सासूबाईंनी फरशीवर पडलेल्या माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मग मोजे कशाला?"

तिने नजर मुठीतल्या बोटाकडे वळवली. याचं उत्तर मला तरी कुठे देता आलं असतं!

सासूबाईंनी पिशवी ठेवली. त्या पुढे आल्या, मधेच जरा थांबल्या. ते थांबणं तिने पाहिलं, मीही पाहिलं. पण मग त्यांनी तिचा मोकळा हात धरला आणि उलटासुलटा करून बघितला.

"मलम कुठाय?"

आणि त्यांनी मलम लावलं. ढीगभर.

"एवढं नाही लावायचं, आई."

"गप बस. आणि काल फोनवर मी जे बोलले..."

"ऐकलं मी."

"ऐकलंस ना? मग भांडायचंस की!"

ती हसली, आणि हसता हसता ओक्साबोक्शी रडली.

आजार अजून आहे. डॉक्टरीणबाईंनी आता अंगावर पाजणाऱ्या आईला चालणारं औषध दिलंय; कधी बरं असतं, कधी नसतं. मलम लावलं की ती थोडं थांबते, ते जिरू देते आणि मग लेकीला घेते. दुकानातही ती उघड्या हातांनी जाते, असं ऐकतो. कोणी चेहरा मागे घेतही असेल. मला आता त्यातलं काही दिसत नाही.

कारण मी खालच्या खणात असतो, उजव्यापासूनही दूर. क्वचित कोणीतरी माझ्याने आरसा पुसतं. तुम्हाला कधी भर उन्हाळ्यात हातमोजे घातलेली कोणी भेटली, तर तिच्या नीटनेटकेपणाचं कौतुक नका करू. आपला हात पुढे करा आणि थोडा वेळ तसाच ठेवा.

इथे अंधार असतो. आत हात नसला की हातमोजा फार एकटा पडतो, हे मला आता कळलंय. पण माझी तक्रार नाही. हा एकटेपणा आधी तिचा होता.