खिडकीपुरतं ऊन

गल्ली समितीच्या फूची पाठ वळताच युनश्याने ओल्या फडक्याने भिंतीवरची खडूची रेघ खसाखसा पुसून टाकली. रेघ तिच्याच खिडकीला लागून गेली होती. तिथे जुन्या इमारतीला बाहेरून जोडायच्या लिफ्टचा मनोरा उभा राहायचा होता.

"काकू, पुसून काय होणार? मी परत आखीन," फू वळून म्हणाला.

"तू आख. माझ्याकडे फडकी पुष्कळ आहेत."

ऊन म्हणजे काय ते चीनमधल्या ढगाळ छंगतू शहरातल्या माणसाला विचारावं. हिवाळ्यात ढग फाटले की दुकानदार गल्ला सोडून नदीकाठी धावतात, आणि कुत्री म्हणे सूर्यावर भुंकतात. या गल्लीचं ऊन तर समोरच्या नव्या टॉवरांनीच खाल्लं होतं. दोन टॉवरांच्या फटीतून एक पट्टा खाली यायचा, तो नेमका युनश्याच्या खिडकीत. आणि खिडकीत तिचा नवरा देचुंग चाकांच्या खुर्चीवर बसलेला असायचा. जन्मभर शहराची बस चालवलेला माणूस. पक्षाघाताने त्याची उजवी बाजू गेली आणि वाचाही जवळजवळ गेली. बाहेर सावलीतली थंडी त्याला सोसत नसे, म्हणून तो खिडकीतूनच सगळं बघायचा: लसणाच्या पातीची तीनचाकी, जेवण पोचवणाऱ्या पोरांच्या स्कूटर, झाडाखालचा माहजोंगच्या सोंगट्यांचा डाव आणि त्यातली भांडणं. ऊन मांडीवर आलं की डुलकी काढायचा. मग युनश्या निर्धास्त मागच्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात कामाला लागायची.

बाकी सगळी इमारत लिफ्टला राजी होती. मेट्रो गल्लीच्या तोंडाशी आली तरी आपण अजून जिनेच चढतोय, असं सगळ्यांचं म्हणणं. युनश्याच्या तळमजल्याच्या होकारावाचून मात्र घोडं अडलं होतं. माहजोंगच्या टेबलावरून टोमणे यायचे.

"हिला लिफ्ट लागत नाही ना, मग दुसऱ्यालाही नको!"

"तुझ्या नवऱ्यासमोर कोणी भिंत बांधली की मग बोल," युनश्या सुनवायची. पण आत येऊन भांडी जरा जास्तच आपटायची.

कारण सगळ्यात वरच्या मजल्यावर थाओ आजी राहायची. गुडघे गेल्यापासून तिने गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. दोरीला टोपली बांधून खाली सोडायची, भाजीवाला त्यात भाजी ठेवायचा. देचुंग धडधाकट होता तेव्हा टोफू तोच आणून ठेवायचा, आणि वरून आजी ओरडायची, "पुन्हा पाणचटच आणलास, मेल्या!" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यालाच सांगायची. लिफ्टसाठी मात्र तिने एकदाही शब्द टाकला नव्हता. युनश्याला तेच जास्त टोचायचं.

फू पुन्हा रेघ आखून गेला. युनश्या फडकं पिळून निघाली, तेवढ्यात देचुंगने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. खिडकीसमोरून टोपली हेलकावत खाली येत होती.

"काय रे म्हाताऱ्या?"

त्याने वर बोट दाखवलं. ओठ बराच वेळ जुळेनात.

"उत... उतरू दे."

"आणि तू? तू अंधारात बसणार?"

त्याने मान डोलावली. युनश्या त्याच्याशी कडाकडा भांडली, मग रडली, आणि दुसऱ्या दिवशी फूला होकार देऊन आली.

मनोरा उभा राहिला. खोलीत भरदुपारी दिवा लावावा लागे. देचुंग सवयीने खिडकीकडे तोंड करून बसायचा आणि समोर नुसता करडा पत्रा. तो कुरकुरला नाही, पण युनश्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. होकार दिल्याचा तिला पस्तावा होत होता आणि त्या पस्ताव्याची लाजही वाटत होती.

लिफ्ट सुरू झाली त्या सकाळी नेमके ढग फाटले. बाहेर लाल फीत, टाळ्या, आरडाओरडा. थाओ आजी उतरणार म्हणून चहावाल्याने तिच्यासाठी जागा राखून ठेवली होती. युनश्या दार लावून आत बसली. तळमजल्याने वर्गणी दिलेली नव्हती, त्यामुळे त्यांना लिफ्टचं कार्ड नव्हतं. जायचं तरी कुठे होतं?

दारावर काठी आपटली. उघडते तो समोर आजी. इतकी वर्षं खालून मान वर करून बघितलेली बाई जवळून एवढीशी निघाली.

"त्याला स्वेटर चढव," आजी म्हणाली. "माझ्या सज्जात दुपारपर्यंत ऊन असतं."

"आजी, आधी गल्लीत तर जा. सगळे तुमच्यासाठी खोळंबलेत."

"गल्ली कुठे पळून जाते? ऊन पळतं. चल."

"आमच्याकडे कार्ड नाही."

"माझ्याकडे आहे. बटण दाबायला बोटही आहे."

वरच्या सज्जात ऊन नुसतं सांडत होतं. देचुंग खुर्चीतूनच कठड्याकडे वाकला. खाली गल्ली, पलीकडे मेट्रोचं तोंड, त्याहीपलीकडे त्याच्या बसचा जुना रस्ता, आणि त्यावरून एक हिरवी बस वळत होती. तो डाव्या हाताने दाखवत सुटला. शब्द येत नव्हते, नुसते आवाज येत होते, पण ते आवाज आनंदाचे होते. युनश्या आजीकडे वळली.

"आजी, तुमचे उपकार कसे..."

"कोणाचे कोणावर, ते पुढे निवांत भांडून ठरवू. येते मी गल्लीत जाऊन."

"मीही निघते. तो बसेल इथे. घरात कामं पडलीत."

सज्जात एक वेताची खुर्ची मांडलेली होती, वर धुतलेली उशी. देचुंगच्या पायांना जागा व्हावी म्हणून युनश्या ती उचलायला गेली.

"कुठे नेतेस ती?"

"याला कशाला खुर्ची, आजी? याची याच्याजवळ आहे."

"त्याची आहे, तेच म्हणते. ही तुझ्यासाठी मांडली."

आजी काठी टेकत लिफ्टकडे गेली. युनश्या तशीच उभी राहिली. इतकी वर्षं ती त्याला उन्हात ढकलून स्वतः मागे वळत आली होती. ऊन आपल्यालाही लागतं, हे तिच्या ध्यानातही नव्हतं. ती हळूच खुर्चीवर टेकली, परक्या घरी बसावं तशी अगदी कडेवर. पाठीवर ऊब पसरली तेव्हा जरा मागे सरकली.

खालून टाळ्यांचा कडकडाट झाला. आजी गल्लीत पोचली असावी. युनश्या बघायला उठली नाही. तिने डोळे मिटले आणि ओला चेहरा उन्हाकडे केला.