सिरोंच्यात समुद्र

हिवाळ्यात प्राणहितेचं पाणी ओसरलं की सिरोंच्याच्या खालच्या अंगाला गोट्यांचा लांबच लांब पट्टा उघडा पडतो. त्या पट्ट्यावर वाकून वाकून माझी कंबर मोडली होती, आणि मनातल्या मनात मी बोढे सरांच्या नावाने बोटं मोडत होते. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "दिव्यानी, सिरोंच्यात नवीन काही राहिलं नाही. शेवटचा एक दौरा कर. हाती काही लागलं नाही, तर गडचांदूरची चुनखडी हाच तुझा एम.एस्सी.चा विषय." चुनखडीशी माझं वैर नाही. पण तिथे आमचा निम्मा वर्ग आधीच जाऊन बसला होता. मला नदी हवी होती.

आणि मग तो दिसला. लिंबाएवढा काळा गोटा, एका बाजूने फुटलेला, आणि फुटीत वेटोळं. गोगलगाईच्या शंखासारखं, पण त्यावर एकसारखे आडवे कंगोरे. अमोनाइट! उचलायच्या घाईत तो पाण्यात पडता पडता राहिला.

अमोनाइट म्हणजे डायनासोरांच्या काळातला शंखात राहणारा जीव. तो फक्त समुद्रात राहायचा, म्हणून ज्या खडकात तो सापडतो तिथे एके काळी समुद्र होता, हे धरून चालायचं. आणि सिरोंच्याचे खडक तर नद्या-तळ्यांचे. त्यांत गोड्या पाण्यातले मासे सापडतात, मोठाली हाडं सापडतात, दगड झालेली झाडं सापडतात. समुद्राचं नाव नाही. म्हणजे आमची सगळी पुस्तकं चुकली होती, आणि मी, गोंडपिपरीची दिव्यानी, ती दुरुस्त करणार होते.

सरांना फोटो पाठवला. लगेच फोन आला. "तिथेच सापडला? नक्की?"

"माझ्या हाताने उचलला, सर."

"जागेवर खूण कर. मी पहाटेच निघतो."

मी नाचतच मनकर्णामावशीच्या घरी आले. मावशी म्हणजे आईची चुलत बहीण. सिरोंच्याला दिलेली, म्हणून माझा मुक्काम तिच्याकडे. ती अंगणात मिरच्या निवडत होती. मी गोटा तिच्यापुढे धरला. "मावशी, इथी समुद्र होता."

तिने गोटा फिरवून पाहिला, पदराने पुसला आणि कपाळाला लावला. "हा तं आमचा शाळिग्राम हाय वं. तुले कुठी भेटला?"

मी हसले. ती हसली नाही.

"सासऱ्यानं नेपाळच्या यात्रेतून आणला होता. सासू होती तवा रोज आंघोळ घालून तुळस वाहे. ती गेली, अन् शेताच्या कामात मले रोजची पूजा झेपेना. बिनपूजेचा शाळिग्राम घरी ठेवू नाई म्हणतात, म्हणून पुष्करात नदीत सोडला. हे पाय, समई पडून इथीच टवका उडाला होता."

टवका तिथेच होता. पुष्कर म्हणजे बारा वर्षांनी येणारा नदीचा मेळा. मागचा होऊन काही पावसाळे गेले होते.

मला ब्रह्मांड आठवलं. शाळिग्राम म्हणजे हिमालयातला अमोनाइट. तो डोंगर वर येण्याआधी तिथे समुद्र होता, हे आमच्या वर्गातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि असला काळाशार दगड सिरोंच्यात औषधालाही नाही; इथे लाल माती नाहीतर पांढुरका खडक. ते मला दिसायला हवं होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ती मीच. फोन करायला गेले तर नेटवर्क गायब.

सकाळी सर जीपमधून उतरले ते हात पुढे करूनच. गप्प बसावं, असं क्षणभर मनात आलं होतं. मावशीशिवाय कोणाला कळणार होतं? पण नसलेला समुद्र मी किती दिवस सांभाळला असता? एका दमात सगळं सांगून टाकलं.

सर मटकन खाटेवर बसले. "रंग मलाही दिसला नाही," ते हळूच म्हणाले. "चहा घेऊ आणि निघू. सोमवारी गडचांदूर."

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. मी रडत बॅग भरायला घेतली. मावशी चहा गाळता गाळता आपल्याच नादात बोलत होती. "मी तं घाटाच्या पायरीशी सोडला होता. मले वाटलं, गाळात बसला असन. इतक्या खाली कसा गेला?"

माझा हात थांबला. "मावशी, कोणती पायरी, दाखवता येईल तुले?"

"न दाखवाले काय झालं? पुष्कराचा पहिलाच दिवस होता."

"सर," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढतच गेला, "इथल्या जुन्या खडकांत नद्यांनी आणलेले गोटे आहेत. ते किती लांबून आले, हे आपण अंदाजाने सांगतो. आजची नदी गोटा किती दूर नेते ते मोजलं, तर तो अंदाज पक्का होईल. हा कुठून निघाला ते माहीत आहे, कधी निघाला ते माहीत आहे, कुठे पोचला ते माहीत आहे."

सरांनी चहा खाली ठेवला. "एका गोट्यावर विषय होत नाही."

"एकच काऊन?" मावशी म्हणाली. "साऱ्या गल्लीनं त्याच दिवशी तिथीच सोडले. अन्नपूर्णाबाईचा सोंड तुटलेला गणपती, भैयाजीचा नंदी, लटारूभाऊची पिंड. सारे दगडाचे. ज्याचा त्याले ओळखू येते."

दुपारपर्यंत अर्धी गल्ली गोट्यांच्या पट्ट्यावर उतरली. घाटापासून फार लांब नाही, तिथे अन्नपूर्णाबाईंनी हाक मारली. वाळूतून त्यांचा गणपती अर्धा वर आला होता. शाळिग्रामापेक्षा कितीतरी जड, म्हणून कितीतरी मागे राहिलेला. मी धावतच गेले.

सर माझ्याआधी पोचले होते. त्यांनी बूट काढले, गणपतीला हात जोडले आणि वाळूत गुडघे टेकून टेप उलगडायला लागले.

"सर, मग सोमवारी गडचांदूर?"

"बोलू नको," सर म्हणाले. "टेपचं टोक धर."